वाचक विणकामासाठी येतात, मग माझ्या मताचं काय करू?

प्रश्न असा आहे: "चार वर्षं मी विणकामावर लिहिते आहे. वाचक फार नाहीत, पण जे आहेत ते नेमाने वाचतात. सध्या निवडणुकीचे दिवस आहेत आणि मला गप्प बसवत नाही. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. छंदावर लिहिणाऱ्याने आपली राजकीय मतं वाचकांना सांगावीत का?"

दोनदा खोडलंत हे बरं केलंत. माझा मजकूर एकदा वाचकांपर्यंत गेला तो गेलाच.

मी टपाल तिकिटांवर लिहिते, चोवीस वर्षं झाली. दहाव्या-अकराव्या वर्षी, अशाच निवडणुकीच्या आठवड्यात, वॉटरमार्क, म्हणजे तिकिटाच्या कागदातली खूण, कसा तपासायचा या लेखाच्या शेवटी मी एक परिच्छेद जोडला. कोणाला मत द्या असं सांगितलं नव्हतं. अमुक बाजूला मत देणारा माणूस मला कळूच शकत नाही, एवढंच म्हटलं होतं. लिहिताना हे मला फार संयमाचं वाटलं होतं. दोन दिवसांत पत्रं आली, शाबासकीची बरीच, शिव्यांची थोडी. काही लोकांनी वाचणं सोडलं, पण आकडा किरकोळ होता. मी मनात म्हटलं, बघा, काही बिघडलं नाही.

काय बिघडलं ते कळायला वर्ष जावं लागलं. माझ्या वाचकांत एक निवृत्त गृहस्थ होते. प्रत्येक लेखानंतर त्यांचं पत्र यायचं आणि त्यात स्तुतीचा एक शब्द नसायचा. "कडेच्या दंतछिद्रांचं माप १४ दिलं आहे, ते १४ बाय साडेचौदा हवं." "तुम्ही निळा म्हणता तो अल्ट्रामरीन, कॅटलॉगमध्ये पुन्हा पाहावे." त्या लेखानंतर ही पत्रं थांबली. आधी मला त्यांच्या तब्येतीची काळजी वाटली. मग एका लेखात मी एकाच मालिकेच्या दोन छपायांची अदलाबदल केली आणि ती चूक तेरा महिने तशीच राहिली. शाबासकी देणाऱ्यांपैकी कोणाला ती दिसली नाही, किंवा दिसूनही सांगावीशी वाटली नाही. माझ्या मताशी सहमत असलेले लोक माझ्या चुकांशीही सहमत झाले होते.

म्हणून "वाचक कमी होतील" हा जो सल्ला सगळे देतात, तो मी देणार नाही. लिखाणावर पोट असेल त्याने तो हिशेब करावा. आपल्यासारख्यांची खरी पुंजी म्हणजे आपलं चुकलं की सांगणारी चार-दोन माणसं. ती मतांनी आपल्यासारखी असतीलच असं नाही, आणि आपण त्यांना "मला कळूच शकत नाही" म्हटलं की ती भांडत नाहीत, नुसती निघून जातात.

चटका बसल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेले. ठरवलं, तिकिटं म्हणजे तिकिटं, राजकारण शून्य. हा नियम तसा जुना आणि प्रतिष्ठित आहे. १७२३ साली लंडनमध्ये फ्रीमेसन नावाच्या बंधुमंडळाची जी नियमावली छापली गेली, तिच्यातही धर्म, राष्ट्र आणि राज्यकारभार यांवरची भांडणं दाराबाहेर ठेवा असं सांगितलेलं आहे. एका खोलीत निरनिराळ्या मतांच्या माणसांना बसवायचं तर काहीतरी बाहेर ठेवावंच लागतं. नियम मला पटला होता आणि दोन वर्षं मी तो निष्ठेने पाळला.

मग मी काँगोच्या तिकिटांवर लिहिलं. १८९४ सालापासूनची ही मालिका लंडनच्या वॉटरलो कंपनीने कोरली. दोन रंगांतली छपाई, मध्ये धबधबा, ताडाची झाडं, नदीवरचा रेल्वेचा पूल, हत्तीची शिकार. कोरीवकाम असं की भिंगाखाली पाण्याची रेघन् रेघ सुटी दिसते. मी चौदाशे शब्द लिहिले, सगळे कोरीवकाम आणि शाईबद्दल. राजकारण शून्य.

एका विद्यार्थिनीचं पत्र आलं. तिने फक्त विचारलं होतं, "याच तिकिटांवर नंतर 'काँगो बेल्ज' असा ओव्हरप्रिंट का आला, ते तुम्ही लिहिलं नाही. का आला?"

ओव्हरप्रिंट म्हणजे छापून झालेल्या तिकिटावर नंतर मारलेली अक्षरं, आणि 'काँगो बेल्ज' म्हणजे बेल्जियमचा काँगो. उत्तर मला ठाऊक होतं. तिकिटांवर लिहिणाऱ्या कोणालाही ते ठाऊक असतं. १८८५पासून काँगो हा देश बेल्जियमचा नव्हताच, तो राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खासगी मालकीचा होता. रबराचा वाटा भरला नाही म्हणून तिथे माणसांना ओलीस ठेवलं जाई, मारलं जाई, हात तोडले जात. ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंट याचा अहवाल १९०४ साली प्रसिद्ध झाला, जगभर ओरड झाली आणि शेवटी नोव्हेंबर १९०८मध्ये बेल्जियमने तो प्रदेश राजाकडून काढून आपल्या ताब्यात घेतला. मालक बदलला, शिल्लक तिकिटं तशीच होती, म्हणून त्यांवर नवं नाव मारलं. म्हणजे त्या दोन शब्दांचा ओव्हरप्रिंट समजावून सांगायचा तर हे सगळं सांगावंच लागतं. ते टाळण्यासाठी मी ओव्हरप्रिंटच टाळला होता. तिकिटांवरच्या लेखात तिकिटाचीच माहिती दडवली होती, आणि वर स्वतःला तटस्थ समजत होते.

या दोन लेखांच्या मधे कुठेतरी तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. मत छंदाच्या आतून उगवलं असेल तर लिहा, टाळू नका. बाहेरून आणून ठेवावं लागत असेल तर त्या जागी लिहू नका. ओळखायचं कसं? मी एक साधी परीक्षा घेते. तो परिच्छेद काढून टाकला तर लेख लंगडा होतो का? वॉटरमार्कच्या लेखातून निवडणूक काढली तर एक अक्षरही अडत नव्हतं. काँगोच्या लेखातून लिओपोल्ड काढला तर ओव्हरप्रिंट अधांतरी लटकतो.

तिकिटांच्या बाबतीत हे सोपं आहे असं तुम्ही म्हणाल, आणि खरंच आहे. तिकीट म्हणजे सरकारने डिंक लावून विकलेलं मतच असतं. चाको नावाच्या ओसाड प्रदेशावर बोलिव्हिया आणि पराग्वे या दोघांनी आपापल्या तिकिटांवर नकाशे छापून हक्क सांगितला आणि पुढे १९३२ ते १९३५ त्यासाठी खरोखरचं युद्ध झालं. १९०२मध्ये कालवा निकाराग्वातून काढायचा की पनामातून, यावर अमेरिकेच्या सिनेटमध्ये वाद चालू असताना फिलिप ब्युनो-व्हारिया या पनामाच्या पुरस्कर्त्याने निकाराग्वाचं एक तिकीट मिळवलं. त्यावर धूर ओकणारा मोमोतोंबो ज्वालामुखी होता. त्याने ते सिनेटरांना वाटलं, बघा, कुठे कालवा खणताय! सिनेटने पनामाच्या बाजूने कौल दिला. युक्रेनने १२ एप्रिल २०२२ला रशियन युद्धनौकेला ठेंगा दाखवणाऱ्या सैनिकाचं तिकीट काढलं आणि दोनच दिवसांनी मॉस्क्वा ही युद्धनौका बुडाली. असल्या तिकिटांवर "रंगसंगती छान आहे" एवढंच लिहिणारा माणूस मला तटस्थ नाही, आंधळा वाटेल.

तिकीट सरकार छापतं आणि लोकर मेंढी देते, हे मान्य. पण तुमच्या सुयाही वाटतात तितक्या निरागस नाहीत. २१ जानेवारी २०१७च्या वॉशिंग्टनमधल्या महिला मोर्चात गुलाबी विणलेल्या टोप्यांचा समुद्र दिसला होता. त्या टोपीचा नमुना विणकामाच्या इतर कुठल्याही नमुन्यासारखाच हातोहात गेला होता. त्या टोपीवर लिहायचं तर मोर्चावर लिहावंच लागेल. तो मोर्चा तुम्हाला आवडो वा न आवडो.

याहून महत्त्वाची मतं तुमच्या छंदाच्या पोटात आहेत, आणि ती निवडणुकीच्या गदारोळात कोणी विचारत नाही. मेंढीच्या शेपटीकडची कातडी कापून काढण्याच्या म्युलसिंग या पद्धतीवर न्यूझीलंडने २०१८मध्ये बंदी घातली. ऑस्ट्रेलियात ती अजून चालते. अशा लोकरीवर नियम असावेत की नसावेत? हे राजकारणच आहे आणि त्यावर बोलायला तुमच्याइतका अधिकार फार थोड्यांना आहे. किंवा हे घ्या. एक साधा स्वेटर हाताने विणायला किती तास जातात हे तुम्ही अनुभवाने जाणता. गळ्याचे टाके उचलताना डोळे कसे शिणतात ते जाणता. बाजारातले कपडे यंत्रावर होतात, पण शिवण घालणारे हात माणसांचेच असतात. २४ एप्रिल २०१३ला ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११००हून अधिक कामगार मेले, ते असेच कपडे शिवणारे होते. कपडा इतका स्वस्त कसा पडतो, त्यात कोणाची मजुरी मारली जाते, यावर तुम्ही लिहिलंत तर मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचेन, आणि तुमच्याशी असहमत असले तरी उठून जाणार नाही. कारण तिथे तुम्ही टाके मोजलेले आहेत. परराष्ट्र धोरणावर तुम्ही काय मोजलं आहे?

हा प्रश्न टोचेल, माहीत आहे. मलाही टोचला होता. आपण नागरिक नाही का? आहोत. मत द्यावं, मोर्चाला जावं, घरी ताटावर बसून भांडावं. पण वाचकाने आपल्याला कशासाठी विश्वास दिला आहे, याचा हिशेब वेगळा आहे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी १९५६मध्ये एका विचित्र नात्याला नाव दिलं. रेडिओ-टीव्हीवर रोज भेटणारा माणूस प्रेक्षकाला आपला जवळचा वाटू लागतो. त्या माणसाला मात्र प्रेक्षक ठाऊकही नसतो. एकतर्फी ओळख. चार वर्षं तुमच्या बरोबर बाह्या घटवणाऱ्या बाईला तुम्ही मैत्रीण वाटता. ती तुमचं ऐकेल ते तुमची बाजू पटली म्हणून नव्हे, तुमच्या बाह्या नीट बसतात म्हणून. एका विषयातलं कौतुक दुसऱ्या विषयात आपोआप सांडतं, हे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइकने १९२०मध्येच दाखवलं होतं. आपल्या मताला हा आयता फायदा मिळतो. मला तो घ्यायला लाज वाटते. तुम्हाला वाटत नसेल तर आपला मतभेद इथे आहे, आणि तो राहू दे.

आणखी एक फसगत होते. "माझ्या वाचकांना माहीतच आहे मी काय विचार करते, त्यांचाही तोच विचार आहे." मानसशास्त्रज्ञ ली रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७मध्ये विद्यार्थ्यांना विचारलं, अंगावर जाहिरातीची पाटी लटकवून आवारात फिराल का? हो म्हणणाऱ्यांना वाटलं, बहुतेक जण हो म्हणतील. नाही म्हणणाऱ्यांना वाटलं, बहुतेक जण नाही म्हणतील. त्यात तुमच्यापर्यंत पोचणारे आवाज मूठभर. संकेतस्थळांच्या वापराचा अभ्यासक याकोब नील्सन याने २००६मध्ये याचा ढोबळ हिशेब मांडला होता, शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ कधीमधी बोलतात, सगळा कलकलाट एकाचा. माझ्या परिच्छेदाला आलेली शाबासकी त्या एकाची होती. गृहस्थ नव्वदांत जाऊन बसले.

एक गंमत सांगू? उलटंही होतं. जॉर्ज ऑर्वेल राजकारणावर लिहायचा. १९४४मध्ये त्याने नोंदवलं आहे की सदरात फुलांचा उल्लेख केला म्हणून एका बाईंनी रागावून कळवलं, फुलं म्हणजे भांडवलदारी चैन. बाईंना राजकारण हवं होतं, माणूस गुलाब घेऊन आला.

आपण राजकारण लिहीत नाही आहोत असं वाटत असतानाच ते लिहून जातं, तो प्रकार सगळ्यांत अवघड. २०१९च्या सुरुवातीला विणकाम करणाऱ्यांच्या जगात वर्णभेदावरून मोठं वादळ उठलं. ठिणगी पडली ती एका लेखिकेच्या आनंदी मजकुरावरून. तिने आपल्या ठरलेल्या भारतप्रवासाबद्दल लिहिताना तो जणू मंगळावर जाण्यासारखा असल्याचं म्हटलं होतं. तिच्या लेखी ते कौतुक होतं. ज्यांचा देश "मंगळ" ठरला त्यांना ते तसं वाटलं नाही. तिने पुढे माफी मागितली. तिचं सगळंच चुकलं असं मी म्हणणार नाही, नंतरची झोडपणीही काही सुंदर नव्हती. पण "मी राजकारण लिहीत नाही" ही समजूत तिथे कामाला आली नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये रॅव्हेलरी या विणकामाच्या मोठ्या संकेतस्थळाने ट्रम्प आणि त्यांच्या प्रशासनाला उघड पाठिंबा देणारा मजकूर बंद केला. पाठिंबा देणारा माणूस चालेल, इथे तसं लिहिलेलं चालणार नाही, असा तो नियम होता. तुमच्या प्रश्नात हे उदाहरण लोक हमखास आणतील, पण ते तुमचं नाही. घरमालक काय नियम लावतो आणि भाडेकरू भिंतीवर काय टांगतो, या दोन गोष्टी वेगळ्या.

बाहेरच्या विषयावर न बोलण्याला मी एक अपवाद करते. तुमच्या वाचकांपैकीच कोणाला या छंदातून हुसकलं जात असेल, जात, धर्म, रंग किंवा भाषेवरून "हे आपल्यातले नाहीत" असं कोणी म्हणू लागलं असेल, तर बोला, आणि त्याच दिवशी बोला. तिथे परीक्षा घेत बसू नका.

नोकरीचं बघून घ्या. सरकारी नोकरांवर बहुतेक देशांत बंधनं असतात. अमेरिकेत १९३९चा हॅच कायदा आहे, भारतात १९६४चे केंद्रीय वर्तणूक नियम. एखाद्या मंडळाच्या नावाने लिहीत असाल तर मंडळाची नियमावलीही काढून बघा, कारण ते मत तुमच्या एकटीचं राहत नाही.

आता लिहायचंच ठरवलं तर. शेपटाला चिकटवू नका, माझी मोठी चूक ती होती. बाही कशी घटवायची हे बघायला आलेल्या माणसाला शेवटच्या ओळीत गाठणं म्हणजे दबा धरून बसणं. वेगळा लेख लिहा, मथळ्यातच विषय सांगा, म्हणजे ज्याला नको तो दारातूनच परत जाईल आणि पुढच्या आठवड्यात मोज्यांसाठी येईल. दुसरं असं की छंदावरचं लिखाण फार जगतं. माझा वॉटरमार्कचा लेख अजून वाचला जातो. ती निवडणूक मात्र कोणाला आठवत नाही, आणि त्या परिच्छेदातला निम्मा राग आज मलाच समजत नाही. तीन वर्षांनी मी तो काढला आणि काढल्याची नोंद खाली ठेवली. त्यावरही पत्रं आली, काढला म्हणून.

वाक्य लिहिताना "अमुक लोक" या शब्दांपाशी थांबा. धोरणाबद्दल कितीही कडक लिहा. मत देणाऱ्याबद्दल लिहिलंत की समोर बसलेल्या वाचकाबद्दल लिहिलंत. मी धोरणाबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं, सगळा परिच्छेद माणसांबद्दल होता. आणि विनोद नको. रागावलेल्या माणसाचा विनोद फक्त त्याच्याच बाजूच्यांना कळतो.

तुमचे ते दोन खोडलेले मजकूर मी वाचलेले नाहीत. पुन्हा लिहायला बसाल तेव्हा निवडणूक बाजूला ठेवून बघा, खाली लोकरीचं काही सापडतं का. सापडलं तर तोच तुमचा लेख. नाही सापडलं तर तो मजकूर मैत्रिणीला पाठवा. तिथे त्याला हवं ते उत्तर मिळेल.

काँगोचा लेख मी त्या विद्यार्थिनीच्या पत्रानंतर पुन्हा लिहिला. ओव्हरप्रिंटपासून सुरुवात केली, केसमेंटचा अहवाल, ओलीस, रबर, सगळं घातलं, आणि राजाबद्दल मला काय वाटतं तेही लपवलं नाही. सहा दिवसांनी ओळखीचं अक्षर असलेलं पाकीट आलं. निवृत्त गृहस्थांचं. लिओपोल्डबद्दल किंवा माझ्या मताबद्दल त्यात एक शब्द नव्हता. "१९०८चे ओव्हरप्रिंट हाताने मारलेले आहेत, छापील १९०९चे. तुम्ही दोन्ही एकत्र केले आहेत. दुरुस्त करावे."